स्लाइडवरचे व्याख्यान : उत्तर आधी, प्रश्न नंतर



स्लाइड वापरून घेतलेला तास रंजक कसा करावा, यावर शिक्षकांसाठी पुष्कळ कार्यशाळा होतात. तिथे मिळणारा सल्ला साधारण ठरलेला असतो. एका स्लाइडवर सहापेक्षा जास्त ओळी नकोत, अक्षर मोठे ठेवा, रंग मोजके वापरा, चित्रे घाला, मधूनच एखादा विनोद किंवा छोटा व्हिडिओ दाखवा. सल्ला वाईट नाही. शेवटच्या बाकावरून दिसत नाही अशा स्लाइडपेक्षा दिसणारी स्लाइड केव्हाही बरी. पण हे सगळे पाळणाऱ्या शिक्षकाच्या तासालाही वर्ग पेंगतो, हे तुम्ही पाहिलेले आहे आणि वीसएक वर्षे शिकवताना मीही पाहिलेले आहे. तेव्हा या सल्ल्यात काय राहून जाते, ते तपासायला हवे.

हे टिपण मी शिक्षकांऐवजी तुमच्यासाठी लिहिते आहे. स्लाइडचा तास शिक्षक एकटा घडवत नाही. तास संपला की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, पीपीटी ग्रुपवर टाकाल ना?" शिक्षकाला युनिट संपवायचे असते, तुम्हाला परीक्षेपुरते साहित्य हवे असते. दोघांचेही काम पीपीटीने भागते आणि कोणीच तक्रार करत नाही. तीच फाइल पुढच्या वर्षी पुढच्या बॅचला जाते. कधीकधी तिच्या कोपऱ्यात दुसऱ्याच महाविद्यालयाचे बोधचिन्ह तसेच राहिलेले असते. या मूक समझोत्यात तुमचे काय जाते, ते दाखवणे हा या टिपणाचा हेतू आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगते. स्लाइडचा तास कंटाळवाणा होतो, कारण स्लाइड उत्तर आधीच देऊन टाकते आणि प्रश्न मनात तयार व्हायला वेळच ठेवत नाही. सजावट वाढवून हा दोष जात नाही.

१. हे साधन कोणत्या कामासाठी झाले?

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आले. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवले. पहिली आवृत्ती फक्त मॅकिंटॉशवर चालत असे आणि तिच्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका तयार होत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली.

डोळ्यांसमोर होते ते कंपन्यांमधल्या बैठकांचे काम. अशा बैठकीला आलेल्या माणसांना विषय आधीच ठाऊक असतो. त्यांना आठवण करून देणारे चार मुद्दे पुरतात, कारण मुद्द्यांमधले दुवे त्यांच्या डोक्यात असतात. तुमची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तुम्ही विषय पहिल्यांदा ऐकत असता. 'अमुक वाढल्यास तमुक घटते' एवढी ओळ तुम्हाला दिसते, पण ते का घटते हे त्या ओळीत नसते. ते दुवे जोडणे हेच तर शिकणे. बुलेटच्या यादीत नेमके तेच गळून पडते. ओळींच्या मध्ये 'म्हणून', 'तरीही', 'असे असेल तरच' हे शब्द नसतात, आणि अभियांत्रिकीतला तर्क बहुतेक वेळा याच शब्दांत असतो.

२. एक बीम, दोन तास

उदाहरण घेऊ. सहा मीटर लांबीचा साधा टेकलेला बीम आहे. डाव्या आधारापासून २ मीटरवर ३० किलोन्यूटनचा एक बिंदुभार आहे. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढायच्या आहेत.

पहिल्या तासात हे सगळे एका स्लाइडवर येते. वर बीम, खाली दोन्ही आकृत्या, बाजूला आकडे : डावी रिअॅक्शन २० किलोन्यूटन, उजवी १०, कमाल बेंडिंग मोमेंट भाराखाली ४० किलोन्यूटन-मीटर. शिक्षक लेझर पॉइंटर फिरवत सांगतात. तीन मिनिटांत उदाहरण संपते. तुम्ही मोबाइलवर फोटो काढता. कळले का, असे विचारले तर वर्ग 'हो' म्हणतो आणि तो खोटे बोलत नसतो. प्रत्येक ओळ खरोखरच कळलेली असते.

दुसऱ्या तासात स्लाइडवर फक्त बीम आणि भार आहे. शिक्षक विचारतात, "हा भार डावीकडून सरकवत बरोबर मधोमध आणला, तर कमाल बेंडिंग मोमेंट वाढेल, घटेल की तेवढाच राहील? बोलू नका. एक मिनिट विचार करा आणि वहीत लिहा." मग हात वर करायला सांगतात. वर्ग विभागला जातो. भार डाव्या आधारापासून लांब गेला, म्हणजे डावी रिअॅक्शन कमी झाली, म्हणजे मोमेंटही कमी होणार, असे कोणी म्हणतो. तर्क चुकीचा आहे, पण तो तर्क आहे. आता शेजाऱ्याला पटवून द्या, असे शिक्षक सांगतात. दोन मिनिटे गोंगाट होतो. नंतर फळ्यावर हिशेब होतो : डावी रिअॅक्शन २० वरून १५ वर आली, पण भारापर्यंतचे अंतर २ वरून ३ मीटर झाले. १५ गुणिले ३ म्हणजे ४५. मोमेंट ४० वरून ४५ वर गेला.

याला दहा मिनिटे लागली. पण मोमेंट म्हणजे बल आणि अंतर यांचा गुणाकार, त्यातले एक घटताना दुसरे किती वाढते हे पाहावे लागते, ही गोष्ट आता तुमच्या हाताखालून गेली. चुकीचे उत्तर वहीत लिहिणाऱ्याला तर ती जास्तच लक्षात राहील. दोन्ही तासांत स्लाइड वापरली होती. फरक एवढाच की दुसऱ्या तासात स्लाइडवर उत्तर नव्हते.

ही पद्धत नवी नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती वर्गात वापरली आणि १९९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. आधी एकट्याने विचार, मग मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत, असा तिचा क्रम. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. उत्तराच्या पर्यायाएवढी बोटे छातीशी धरून दाखवली तरी चालते. सत्तर जणांच्या वर्गातही शिक्षकाला एका नजरेत अंदाज येतो.

३. डोळे इंग्रजीत, कान दुसऱ्या भाषेत

स्लाइडवरची वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवणे, ही सर्वांत जास्त होणारी तक्रार. ती रास्त आहे. रिचर्ड मेयर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाने चित्र, छापील शब्द आणि बोललेले शब्द एकत्र आले की काय होते, यावर अनेक वर्षे प्रयोग केले. चित्रासोबत बोललेले स्पष्टीकरण पुरेसे असते. तेच शब्द पडद्यावरही उमटवले की सहसा शिकणे सुधारत नाही, उलट बिघडते. डोळ्यांना चित्र आणि मजकूर यांच्यात धावपळ करावी लागते आणि डोके दोन्हींचा मेळ बसवण्यात गुंतते. विषयाशी संबंध नसलेली मजेदार भर घातली तरी मूळ गोष्ट कमी लक्षात राहते, असेही त्याला आढळले. म्हणजे झोप उडवण्यासाठी टाकलेले मीम झोप उडवते आणि मीमच लक्षात राहते.

मात्र आपल्या वर्गांत या नियमाला एक मोठा अपवाद आहे. तुमच्यातले कितीतरी जण बारावीपर्यंत मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, ओडियात शिकून आलेले असतात. इंग्रजी व्याख्यान कानांनी पकडताना त्यांची दमछाक होते. अशा विद्यार्थ्याला पडद्यावर छापलेला पारिभाषिक शब्द आधार देतो. तो शब्द नीट लिहिता येतो, नंतर शोधता येतो. मेयरनेही हे मान्य केले आहे की व्याख्यानाची भाषा ऐकणाऱ्याची स्वतःची नसेल, तर पडद्यावरचे शब्द उपयोगी पडू शकतात.

म्हणून 'स्लाइडवर शब्द नकोतच' हा परदेशी सल्ला आपल्याकडे डोळे मिटून उचलणे बरोबर नाही. संज्ञा पडद्यावर असावी, स्पष्टीकरण बोलण्यात असावे आणि ते वर्गाला समजेल अशा भाषेत असावे. २०२१-२२ पासून काही महाविद्यालयांत भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. पण इंग्रजी बुलेटच्या जागी मराठी किंवा तेलुगू बुलेट आले, एवढ्याने तास सुधारणार नाही. आपल्या भाषेत शिकण्याचा खरा लाभ मिळतो तो शेजाऱ्याशी वाद घालताना, स्वतःच्या शब्दांत 'का' सांगताना. वर्गात फक्त शिक्षकच बोलत असेल, तर भाषा कोणतीही असो, तो लाभ वाया जातो.

४. सोपे वाटले म्हणजे आले असे नाही

आता एक आक्षेप घेऊ. तुम्ही म्हणाल, "मॅडम, स्लाइडचा तास आम्हाला आवडतो. सगळे नीट मांडलेले असते, भराभर कळते." हे खरे आहे आणि अडचण तिथेच आहे.

हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमावर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विषयाचा तास एका गटाला सफाईदार व्याख्यानातून दिला आणि दुसऱ्या गटाकडून उदाहरणे सोडवून घेत शिकवला. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त गुण मिळाले. पण 'तुम्ही किती शिकलात' असे विचारल्यावर जास्त शिकल्याचे पहिल्या गटाने सांगितले. अडखळत शिकताना आपण मागे पडतोय असे वाटते. न अडखळता ऐकताना सगळे आले असे वाटते.

वाचनाच्या बाबतीतही तेच दिसते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटले : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री पीपीटी तीनदा डोळ्यांखालून घालणारा विद्यार्थी कोणत्या गटात मोडतो, ते तुम्हीच ठरवा.

विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभरातले बारा जण इकडचे तिकडे. केटी लागल्यावर घरी काय सांगायचे, हा प्रश्न पडलेल्या मुलामुलींना बारा या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

५. स्लाइड वर्गाबाहेर जाते तेव्हा

बुलेटची सवय पदवीबरोबर संपत नाही. उद्या तुम्हीच अशा स्लाइड कराल आणि त्यांच्यावर निर्णय होतील. याचे एक उदाहरण प्रत्येक अभियंत्याला माहीत असायला हवे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान निघाले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाला स्लाइडमधून सांगितला. त्यांतल्या एका स्लाइडवर एडवर्ड टफ्टी या माहिती-मांडणीच्या अभ्यासकाने पुढे सविस्तर टीका केली. मथळा दिलासा देणारा होता : चाचण्यांची आकडेवारी पाहता अंदाज सुरक्षिततेकडे झुकलेला आहे. खाली बुलेटच्या आत बुलेट, त्यांच्या आत आणखी बुलेट. सर्वांत तळाच्या, सर्वांत लहान ओळीत खरी बातमी होती. चाचण्या ३ घन इंच आकाराच्या तुकड्यावर झाल्या होत्या आणि प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचा अंदाज होता १९२० घन इंच. म्हणजे ६४० पट. चाचण्यांवरून काहीच ठामपणे सांगता येत नाही, असा या ओळीचा अर्थ होतो. मथळा नेमका त्याच्या उलट दिशेने बोट दाखवत होता.

१ फेब्रुवारी रोजी परतताना यान नष्ट झाले. सात अंतराळवीर गेले. कर्नालच्या, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून १९८२ मध्ये पदवी घेतलेल्या कल्पना चावला त्यांच्यात होत्या. हा अपघात एका स्लाइडमुळे झाला, असे म्हणणे चूक ठरेल. चौकशी मंडळाने तांत्रिक कारणांबरोबर संस्थेच्या एकूण कार्यसंस्कृतीवर बोट ठेवले. मात्र तांत्रिक अहवालांची जागा स्लाइडनी घेतल्याचा उल्लेख त्या मंडळाने आपल्या अहवालात मुद्दाम केला.

या स्लाइडवर सगळी माहिती होती. एकही आकडा लपवलेला नव्हता. पण कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीमुळे, हा संबंध मांडला नव्हता, आणि पाहणाऱ्याला स्वतः थांबून ३ आणि १९२० यांचा भागाकार करायला कोणी भाग पाडले नाही. वर्गातल्या स्लाइडचा दोषही हाच आहे. तिथे तो स्वस्तात पडतो, एवढाच फरक.

६. स्लाइडची बाजू

मग खडू-फळ्याकडे परत जायचे का? फळ्याचा एक गुण खरा : हाताने लिहिण्याचा वेग आणि समजण्याचा वेग बराच जुळतो, आणि सूत्र एकेक पायरीने उभे राहताना दिसते. पण फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत, मध्ये डोके न लावता उतरवणारे वर्गही असतात. खडूने लिहिले म्हणून विचार आपोआप होत नाही.

शिवाय काही गोष्टी फळ्यावर आणताच येत नाहीत. पोलादाची सूक्ष्मरचना, तुटलेल्या शाफ्टच्या भंगपृष्ठाचा फोटो, ऑसिलोस्कोपवरची लाट, हलणाऱ्या यंत्रणेचे अॅनिमेशन, यांना स्लाइडच हवी. भंगपृष्ठाचा फोटो दाखवून 'तडा कुठून सुरू झाला असेल?' एवढेच विचारले, तर ती स्लाइड दहा मिनिटे वर्ग जागा ठेवते. त्या फोटोवर आधीच बाण काढून 'येथे तडा सुरू झाला' असे लिहिले, तर दहा सेकंदांत तिचे काम संपते. साधन तेच आहे. उत्तर कधी दाखवायचे, एवढे ठरवायचे आहे.

शिक्षकाची अडचणही समजून घ्या. असा तास घेतला की अभ्यासक्रम मागे पडतो आणि विद्यापीठाचे वेळापत्रक थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक तास असा होणार नाही. पण पन्नास मिनिटांत एक खरा प्रश्न बसतो. वाचून दाखवायच्या चार स्लाइड तुम्हाला घरी वाचायला दिल्या, की त्याला जागा होते. मग त्या तुम्ही खरेच वाचून यायला हव्यात, एवढी अट त्यात येते.

७. तुमच्या हातात काय आहे?

शिक्षक बदलण्याची वाट न पाहता तुम्हाला करता येतील अशा चार गोष्टी सांगते.

एक. स्लाइड बदलण्याआधी पुढे काय येईल, याचा अंदाज वहीच्या समासात एका शब्दात लिहा. आलेख वर जाईल की खाली, उत्तर मोठे येईल की लहान. अंदाज चुकला तर खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमच्या अभ्यासाची यादी.

दोन. तास संपल्यावर, पीपीटी उघडण्याआधी, कोऱ्या कागदावर पाच मिनिटे आठवेल ते लिहा. मग पीपीटी उघडा आणि काय सुटले ते पाहा. फाइल तीच, पण आता ती तपासणीसाठी वापरली जाते.

तीन. शिक्षकांना नम्रपणे विचारा : "सर, उत्तर दाखवण्याआधी एक मिनिट द्याल का? आम्ही करून पाहतो." बहुतेक शिक्षकांना याचा राग येणार नाही, आनंदच होईल. समोरचा वर्ग मुका आहे असे वाटते, म्हणून पुष्कळ जण स्लाइडच्या आड जातात.

चार. तुमच्या सेमिनारच्या आणि प्रोजेक्टच्या स्लाइडवर 'परिचय', 'पद्धत', 'निष्कर्ष' असे मथळे देऊ नका. मथळ्याच्या जागी तुमचा दावा पूर्ण वाक्यात लिहा आणि खाली त्याचा पुरावा द्या : एक आलेख, एक फोटो किंवा एक तक्ता. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले मायकेल अॅली अभियंत्यांना हीच पद्धत शिकवत आले आहेत. पूर्ण वाक्य लिहायला बसलात की आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावेच लागते, आणि पुरावा मथळ्याशी जुळत नसेल तर ते सगळ्यांच्या आधी तुम्हालाच दिसते.

हे टिपण संपवण्याआधी एक काम देते. भाग २ मधला बीम पुन्हा घ्या. भार ३० किलोन्यूटनचाच ठेवा, पण तो संपूर्ण ६ मीटरवर सारखा पसरवा, म्हणजे दर मीटरला ५ किलोन्यूटन. कमाल बेंडिंग मोमेंट ४५ पेक्षा जास्त येईल की कमी? आधी अंदाज लिहा, कारण लिहा, मग हिशेब करा. उत्तर मी इथे देत नाही.